अमेरिकेची डीव्हीडी इंदूरच्या प्लेअरला का पचत नाही?

नर्मदातीर
शुक्रवार, रात्री ९:१०

मंडळी, घरात एक पेटी येऊन पडली आहे आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे.

दादा बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. आता मोठं घर विकून लहान जागेत जातोय, त्यामुळे सामान वाटणं चालू आहे. वहिनी गेल्या आठवड्यात आली ती त्रेचाळीस डीव्हीडी घेऊनच, खास आईसाठी. आई ब्याऐंशीची. मोबाइलवर ती काही बघत नाही ("हात लागला की भलतंच सुरू होतं"), पण डीव्हीडी प्लेअर तिला झोपेतसुद्धा लावता येईल. बाबांनी जेल रोडवरून आणलेला, कंपनीचा, बिलासकट. त्यावर अजून क्रोशाचा रुमाल असतो.

चकती घातली, ट्रे आत गेला, जरा घरघर झाली आणि पडद्यावर 'राँग रीजन'. दुसरी घातली, तेच. वहिनी म्हणते, "तिकडे परवापर्यंत लागत होत्या." आई म्हणते, "प्लेअरला काही झालं नाही, कालच कीर्तन ऐकलं त्यावर." दोघींचंही खरं आहे आणि मी मध्ये अडकले आहे.

शिवाय एक छोटी चकती आहे, पुरीएवढी. त्यावर मार्करने 'मुंज २००६' लिहिलंय. तीही लागत नाही, आणि आईला खरं तर तीच हवी आहे.

नवा प्लेअर घ्यावा का? आता मिळतो तरी का?

---

भिया_इंदूरी
शुक्रवार, रात्री ९:२२

चकतीच्या पासपोर्टवर शिक्का नाही ना ताई. इमिग्रेशनवाले दारातूनच परत पाठवून राहिले.

---

शेवपरमल
शुक्रवार, रात्री ९:३१

आधी चकत्या पुसून बघा. मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. आडव्या ओरखड्यावरून प्लेअर निभावून नेतो, पण चकतीवरचा मजकूर गोल रांगेत लिहिलेला असतो, गोल ओरखडा त्याच दिशेने जातो, तिथे सलग मजकूर जातो आणि गाडी अडकते. आमची आजी पदराने गोल पुसायची. निम्म्या व्हीसीडी तिने तशाच संपवल्या.

---

सोल्डर
शुक्रवार, रात्री १०:०५

शेवपरमल, पुसण्याचं बरोबर आहे, पण इथे ते कामाचं नाही. घाण असती तर 'नो डिस्क' आलं असतं किंवा चित्र अडखळलं असतं. 'राँग रीजन' म्हणजे प्लेअरने चकती नीट वाचली, समजून घेतली आणि मग नाही म्हटलं.

ताई, एक कव्हर उलटं करा. मागे खालच्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचं बारीक चित्र असेल, त्यात एक आकडा. तुमच्याकडे १ असणार. सिनेमावाल्यांनी जगाचे तुकडे केले होते. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ मध्ये युरोप, पण जपान, आखाती देश आणि दक्षिण आफ्रिकाही. ३ हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया, आग्नेय आशिया. ४ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका. ५ मध्ये आपण, सोबत पाकिस्तान, रशिया आणि बहुतेक आफ्रिका. ६ नुसता चीन. चकतीवर आठ घरांची नोंद असते, कुठल्या विभागात चालायचं त्याची. प्लेअरच्या पोटात एकच आकडा. जुळला तर पुढे, नाही तर ट्रे बाहेर.

मी जेल रोडवर अठ्ठावीस वर्षं टीव्ही-व्हीसीआर-डीव्हीडी दुरुस्त केले. 'प्लेअर बिघडला' म्हणून येणाऱ्यांत दर दिवाळीत चार-पाच तरी असे असायचे, ज्यांचा प्लेअर ठणठणीत आणि भाचा अमेरिकेत.

दोन गोष्टी सांगा. प्लेअरच्या मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर काय आहे? आणि सगळ्या त्रेचाळीस लावून बघितल्या का? प्रत्येकीवर नेमकं काय दिसतं?

---

आडवा_तिडवा
शुक्रवार, रात्री १०:४०

माफ करा, पण एवढा खटाटोप कशासाठी? यातले निम्मे सिनेमे आज कुठल्या ना कुठल्या ॲपवर असतील. स्मार्ट टीव्ही घ्या, आईंना रिमोट शिकवा, चकत्या भंगारात द्या. आपल्याला जुन्या वस्तू जपायचा आजार आहे.

---

स्वल्पविराम
शुक्रवार, रात्री १०:४८

@आडवा_तिडवा, मुंज २००६ कुठल्या ॲपवर आहे?

---

भिया_इंदूरी
शुक्रवार, रात्री १०:५०

स्वल्पविराम यांनी पूर्णविराम दिला. 😄

---

बडोदेकर
शनिवार, सकाळी ७:१५

इंदूरच्या धाग्यात बडोद्याचं नाक खुपसतो. आमच्या दांडिया बाजारात असं घर शोधून सापडणार नाही ज्याचं कोणी परदेशात नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळ्या विभागांची पंगतच असायची: लंडनच्या मावशीची २, शिकागोच्या काकाची १, मस्कतच्या आत्याचीही २.

नवा प्लेअर अमेरिकेतून मागवू नका, एवढंच सांगायला आलो. आम्ही केलं होतं ते. काका म्हणाले, "चकती तिकडची तर यंत्रही तिकडचं असू दे, भांडणच नको." तर्क बिनतोड होता. प्लेअर आला, पिन बसेना म्हणून भावाने कोपऱ्यावरून अडॅप्टर आणला, बटण दाबलं. आधी फट्ट असा आवाज, मग उदबत्तीसारखी एक बारीक धुराची रेघ, मग तो वास. ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. मागे स्पष्ट लिहिलं होतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे धडा म्हणून शिकलो. काकांना आजवर सांगितलेलं नाही. ते दर फोनला विचारतात, "चालतोय ना?"

---

एडिसनवासी
शनिवार, सकाळी ७:५०

बडोदेकर, सगळे तसे नसतात. कित्येकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते कुठेही चालतात. पट्टी वाचून लावायचं.

पण मला उलटी गोष्ट सांगायची आहे. माझं लग्न इंदूरला झालं, २००४ मध्ये. फोटोवाल्याने तीन डीव्हीडींचा संच दिला, मखमली डब्यात, वर गणपती. इकडे आणून सासरच्या-माहेरच्या तीस माणसांना जेवायला बोलावलं, श्रीखंड-पुरी केली आणि टीव्हीसमोर बसवलं. चकती लागेना. मला वाटलं रीजन. पण फोटोवाल्याने घरी रेकॉर्ड केलेल्या चकतीला कुठला आलाय रीजन? भानगड पाल आणि एनटीएससीची, म्हणजे टीव्हीवर चित्र पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धतींची होती. भारत पाल: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका एनटीएससी: ५२५ रेषा, जवळपास ३० चित्रं. आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही पचवतात, इकडचे बहुतेक पालकडे ढुंकूनही बघत नाहीत. शेवटी लॅपटॉपच्या तेरा इंची पडद्याभोवती तीस माणसं उभी राहिली आणि माझ्या वरातीत घोडीने काय केलं ते पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितलं.

---

भिया_इंदूरी
शनिवार, सकाळी ८:३०

घोडीने काय केलं ते आधी सांगा. बाकी धागा नंतर चालू द्या.

---

एडिसनवासी
शनिवार, सकाळी ८:३४

नाही सांगणार. बायको हा धागा वाचते.

---

नर्मदातीर
शनिवार, दुपारी १:२०

सोल्डरकाका, सकाळपासून मी आणि आई तेच करत बसलोय. ती चकत्या घालते, मी वहीत लिहिते. हिशेब असा:

'राँग रीजन' म्हणून ट्रे बाहेर: एकतीस. सगळे इंग्रजी सिनेमे, गोळ्यात १ आहे.

लागतात, पण चित्र काळं-पांढरं आणि सारखं वर सरकतं, आवाज मात्र उत्तम: नऊ. सगळे हिंदी सिनेमे, दादाने तिकडे ओक ट्री रोडवर घेतलेले. गोळ्यात 'ऑल' लिहिलंय.

छान लागतात: दोन. गंमत म्हणजे या दोन्ही दादाने २००८ मध्ये राजवाड्याजवळून घेऊन नेल्या होत्या. प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं!

छोटी मुंजीची: 'नो डिस्क'.

टीव्ही जुना, मागे डबा असलेला, एकवीस इंची.

---

एडिसनवासी
शनिवार, दुपारी १:४१

प्लॅस्टिक का फोडलं नाही ते मी सांगू शकतो. दादांनी त्यातली तिसरी फोडली असणार, पाल निघाली, आणि उरलेल्या दोन तशाच ठेवल्या.

---

सोल्डर
शनिवार, दुपारी २:१५

वा! गिऱ्हाइकं अशी असती तर मी दुकान बंदच केलं नसतं. ताई, हे तीन वेगवेगळे आजार आहेत, औषधं वेगळी.

सोपं आधी. त्या नऊ चकत्यांना रीजनची अडचणच नाही, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या हिंदी डीव्हीडी बऱ्याचदा सगळीकडे चालणाऱ्या असत. त्या एनटीएससी आहेत आणि तुमचा टीव्ही फक्त पालचा. रंगाची बोली कळत नाही म्हणून काळं-पांढरं, आणि दर चित्र दोन अर्ध्यांत येतं, ती अर्धी सेकंदाला ५० ऐवजी ६० येतात म्हणून चित्र सरकतं. ट्रे रिकामा ठेवून सेटअपमध्ये जा. 'टीव्ही टाइप' असेल, तिथे 'ऑटो' किंवा 'मल्टी' असेल ते 'पाल' करा. मग प्लेअर स्वतःच बदलून पाठवेल.

एकतीससाठी मॉडेल नंबर द्या. बऱ्याच कंपन्यांच्या प्लेअरमध्ये छुपी वाट ठेवलेली असते: विशिष्ट मेनू उघडून रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की विभाग बदलता येतो. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे. अंदाजाने दाबत बसू नका. बाजारातले स्वस्तातले चिनी प्लेअर तर मुळातच मोकळे असायचे. जास्त पैसे देऊन कंपनीचा घेणाऱ्यालाच कुलूप मिळायचं.

मुंजीच्या चकतीबद्दल संध्याकाळी लिहितो, जरा डोळा लागतोय.

---

तात्पुरता
शनिवार, दुपारी ३:०२

लॅपटॉपवर का नाही बघत? कुठलीही डीव्हीडी लागते.

---

शेवपरमल
शनिवार, दुपारी ३:३०

@तात्पुरता, मी पण असंच म्हणायचो. २००० पासूनच्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलायची परवानगी फक्त पाच वेळा असते, आणि मोजणी विंडोजमध्ये नाही, खुद्द ड्राइव्हच्या पोटात. विंडोज नव्याने टाकली तरी ती विसरत नाही.

बहीण कॅलिफोर्नियाहून यायची, तिची चकती लावली की विचारायचं, 'बदलू का?' हो. रात्री बाबांचा आपल्याकडचा सिनेमा. 'बदलू का?' हो. वाचतं कोण! पाचव्या वेळी आकडा १ वर होता आणि तिथेच कायमचा गोठला. भारतात बसलेला, भारतात घेतलेला, भारतीय विजेवर चालणारा माझा लॅपटॉप मरेपर्यंत अमेरिकन राहिला. ग्रीन कार्ड आमच्या घरात फक्त त्यालाच मिळालं.

---

भिया_इंदूरी
शनिवार, दुपारी ३:३३

हौ, आणि अर्ज न करता!

---

लिंबोणी
शनिवार, दुपारी ४:१०

हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन अमेरिकेला गेले तेव्हा ओबामांनी त्यांना पंचवीस अमेरिकन सिनेमांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला होता. घरी जाऊन लावल्या तर 'राँग रीजन', अशा बातम्या तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. नर्मदातीर, तुमच्या दादांना हे सांगा, त्यांना बरं वाटेल.

---

आडवा_तिडवा
शनिवार, दुपारी ४:४५

म्हणजे मुद्दा माझाच. पैसे देऊन घेतलेली वस्तू, आणि ती कुठल्या गावात बघायची हे कंपनी ठरवणार. पुस्तकाला कोणी असं करतं का? इंदूरला घेतलेलं पुस्तक पुण्यात उघडत नाही, असं झालं तर? ही शुद्ध लूट होती आणि लोकांनी ती गपगुमान सहन केली.

---

सोल्डर
शनिवार, संध्याकाळी ६:२०

लूट म्हणा, पण त्यामागे हिशेब होता. डीव्हीडी १९९६ च्या शेवटी जपानमध्ये आली, १९९७ मध्ये अमेरिकेत. तेव्हा सिनेमा रिळांवर जायचा. प्रिंट महाग, म्हणून अमेरिकेत फिरून झालेल्या प्रिंट पुढे दुसऱ्या देशात. तिकडे चकती बाजारात यायची तेव्हा इकडे सिनेमा अजून थिएटरात लागलेलाही नसायचा. चकती आधी आली तर तिकीट कोण काढणार? आणि दर देशाचा भाव वेगळा ठेवायचा होता, ते वेगळंच.

पण विमानासाठी आणि जहाजांसाठी ८ नंबरचा विभाग काढलेला होता, म्हणजे भारतावरून उडणारा माणूस भारतात नसतो, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या माणसांना दंडवत.

---

काळाकोट
शनिवार, रात्री ८:०५

आकडे दाबून विभाग बदलणं बेकायदा आहे का, असं मला दोघांनी खासगीत विचारलं म्हणून इथेच लिहितो. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. संरक्षणासाठी घातलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात 'हेतू' हा शब्द वजनदार आहे. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी मुलाने विकत घेतलेला सिनेमा स्वतःच्या घरी बघितला तर त्यात हक्कभंगाचा हेतू शोधायला फार मोठं भिंग लागेल. प्रती काढून राजवाड्यावर विकायला बसलात तर गोष्ट वेगळी. हे मत आहे, वकीलपत्र नाही.

---

लिंबोणी
शनिवार, रात्री ८:३०

कुलूपावरून आठवलं. डीव्हीडीचं खरं कुलूप वेगळं, त्याला सीएसएस म्हणत. १९९९ मध्ये ते उघडणारा छोटा प्रोग्रॅम बाहेर आला आणि त्यात नाव पुढे आलं नॉर्वेच्या पंधरा वर्षांच्या योन लेक योहानसन या मुलाचं. खटला चालला, २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला. स्वतःची चकती स्वतः बघणं हा गुन्हा कसा, असंच साधारण तिथल्या कोर्टाचं म्हणणं पडलं.

---

तंबोरा
शनिवार, रात्री ९:१५

विषयांतर होईल, पण पाल-एनटीएससी निघालंच आहे तर माझं जुनं दुखणं सांगतो.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. पाल चकतीवर घालताना तो सरळ २५ ने पळवत. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. लोकांना पत्ताही लागत नाही. पण आवाजही तेवढाच पळतो आणि वर चढतो. अर्धा स्वर पुरता नाही, त्याच्या साधारण पाऊण हिश्श्याला थोडा कमी. म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही! पेटी घेऊन बसलो की ना काळी दोन, ना पांढरी तीन. माझ्याकडे एका संगीतपटाची अमेरिकेची चकती आहे आणि लंडनचीही. बायको म्हणते दोन्ही सारख्याच आहेत. आम्ही या विषयावर बोलत नाही आता. काही कंपन्या स्वर खाली आणून दुरुस्त करून देत, पण सगळ्या नाही.

---

भिया_इंदूरी
शनिवार, रात्री ९:२०

पाच मिनिटं वाचली तर सराफ्यात लवकर पोहोचता येतं. पालचाच फायदा.

---

नर्मदातीर
रविवार, सकाळी १०:४०

'टीव्ही टाइप' पाल केलं. नऊच्या नऊ रंगीत! आईने काल रात्रीच एक पूर्ण बघितला. सोल्डरकाका, मॉडेल नंबर तुम्हाला निरोपात पाठवला आहे. मुंजीच्या चकतीचं राहिलं.

---

सोल्डर
रविवार, सकाळी ११:३०

विसरलो नाही. काल सगळे तिलाही रीजनच्या रांगेत उभं करत होते, पण हाताने लिहिलेल्या चकतीला देश नसतो. आणि एनटीएससी असती तर चित्र सरकलं असतं, 'नो डिस्क' आलं नसतं.

ही आठ सेंटीमीटरची चकती म्हणजे त्या वेळच्या हॅंडीकॅमची. एक पॉइंट चार जीबी, साधारण अर्धा तास. ट्रेमध्ये मोठ्या गोलाच्या आत एक लहान खळगा असतो, त्यात बसवलीत ना? बसवली असेल तर उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. आतल्या भागात एक गडद कडं दिसतंय का, आणि बाहेर वेगळी छटा?

---

बडोदेकर
रविवार, सकाळी ११:४५

खळग्यावरून सांगतो, पुरीएवढी चकती गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये कधीही घालू नका. आमची गाडी विकली तेव्हा ती आतच होती. घेणाऱ्याला बाळाचं बारसं फुकट मिळालं.

---

नर्मदातीर
रविवार, दुपारी १२:१०

हो काका, खळग्यातच बसवली होती. आणि दिसतंय! भोकाभोवती गडद कडं, जवळपास निम्म्याहून जास्त, मग एक स्पष्ट रेघ, मग बाहेर फिकं जांभळं.

---

सोल्डर
रविवार, दुपारी १२:३०

मग मुंज आत आहे. गडद तेवढं रेकॉर्ड झालेलं, फिकं कोरं.

चकती 'फायनलाइज' केलेली नाही. हॅंडीकॅम चित्र लिहीत जातो, पण शेवटी मेनूतून एक बटण दाबायचं असतं, तेव्हा तो सुरुवातीला अनुक्रमणिका लिहितो. ती नसेल तर दुसऱ्या कुठल्याही प्लेअरला चकती कोरीच वाटते. मुंजीच्या गडबडीत कोणी दाबणार ते बटण? माझ्याकडे अशा कितीतरी आल्या, बहुतेक बारशाच्या आणि मुंजीच्या. लग्नाचं काम बाहेरच्या फोटोवाल्याकडे असायचं, तो करून द्यायचा.

सरळ उपाय म्हणजे ज्या कॅमेऱ्यात काढली त्यातच घालून फायनलाइज करणं. दादांकडे तो आहे का?

---

नर्मदातीर
सोमवार, सकाळी ८:१५

दादाशी बोलले. कॅमेरा आहे! न्यू जर्सीत. 'द्यायच्या' खोक्यात होता, चार्जरसकट.

---

भिया_इंदूरी
सोमवार, सकाळी ८:२०

म्हणजे चकतीला परत अमेरिकेचा व्हिसा लागणार.

---

एडिसनवासी
सोमवार, सकाळी ८:५५

मी गणपतीला येतोय, कॅमेरा आणू शकतो. दादांचं घर माझ्यापासून वीस मिनिटांवर असेल. चार्जर १००-२४० आहे ना, तेवढं बघून घ्यायला सांगा, नाही तर बडोदेकरांच्या उदबत्तीची पुनरावृत्ती.

---

सोल्डर
सोमवार, सकाळी ९:३०

गणपतीपर्यंत थांबायचं नसेल तर दुसरी वाट आहे. कॉम्प्युटरच्या काही ड्राइव्हना अशी अर्धवट चकती वाचता येते, आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम आतले तुकडे बाहेर काढतो. माझ्याकडे त्या कामासाठी ठेवलेला एक जुना ड्राइव्ह आहे. मी राजेंद्रनगरला असतो, पत्ता निरोपात पाठवतो. चकती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, डब्यात घालून आणा. तुमच्या मॉडेलचे आकडे पण सापडले आहेत, रिमोट घेऊन या.

---

आडवा_तिडवा
सोमवार, सकाळी १०:००

जमलं तर आम्हालाही सांगा. (आमच्याकडेही एक बारसं आहे, पुरीएवढंच. काल रात्री माळ्यावर सापडलं.)

---

स्वल्पविराम
सोमवार, सकाळी १०:०३

भंगारात द्या की.

---

नर्मदातीर
पुढचा रविवार, रात्री ८:५०

उशीर झाला, पण आता सगळं सांगते.

आकड्यांनी प्लेअर उघडला. एकतीसपैकी एकोणतीस लगेच लागल्या. दोन हट्टी निघाल्या, त्यांनी जगाचा नकाशा दाखवला आणि हा प्लेअर चालणार नाही म्हणून सांगितलं. काका म्हणाले, त्या चकत्या '० विभाग' म्हणवणाऱ्या मोकळ्या प्लेअरला ओळखून अडवतात. तिथे ० ऐवजी नेमका १ ठेवला, मग त्याही मुकाट लागल्या.

मुंजीच्या चकतीला पहिल्या ड्राइव्हने दाद दिली नाही. काकांनी कपाटातून दुसरा काढला, जुना, पिवळा पडलेला. पाऊण तास घरघर. काकूंनी तोवर दोनदा चहा केला. आई काठी धरून ताठ बसून होती, जणू आतून डॉक्टर बाहेर येणार आहेत.

एकवीस मिनिटं निघाली. त्यातली मुंज नऊ मिनिटांची. मग दादाने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बंद करायला विसरला. पुढची बारा मिनिटं पडद्यावर फक्त एक परात, त्यात पुऱ्या, आणि मधूनच हात येतो आणि एक पुरी जाते. मागून आवाज. त्यात आई (तेव्हा चौसष्टची, तिकडे गेली होती) कोणाला तरी खडसावतेय की वरणात मीठ नाही, आणि कोणीतरी हळूच म्हणतंय की आहे. ते बाबा होते.

आईने मुंज एकदा बघितली. परातीची बारा मिनिटं आतापर्यंत पाच वेळा. मीठ नव्हतंच, असं तिचं अजून म्हणणं आहे.

---

सोल्डर
पुढचा रविवार, रात्री ९:०५

मी पण ऐकलं ते. बाबांचं बरोबर वाटतं, पण आईंसमोर बोललो नाही. दोन प्रती करून ठेवल्या आहेत ताई, एक पेन ड्राइव्हवर. मूळ चकती माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात इंदूरचा माळा म्हणजे भट्टी.

---

आडवा_तिडवा
पुढचा रविवार, रात्री ९:१२

सोल्डरकाका, राजेंद्रनगरला कधी यायचं?

---

भिया_इंदूरी
पुढचा रविवार, रात्री ९:१४

एडिसनवासी, घोडीचं राहिलं.